स्वर्ल पद्धतीने इलेक्ट्रिक गिटार रंगवणे: कोल्हापूरकरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांनी स्क्रू ड्रायव्हर आणि पॉलिश पेपर हातात धरला आहे, पण गिटार पाण्यात बुडवायची म्हटल्यावर पोटात गोळा येतो, त्यांच्यासाठी हे पान आहे. सामान कोल्हापुरात, हवा कोल्हापूरची, असं धरूनच उत्तरं दिली आहेत.

स्वर्ल म्हणजे नेमकं काय करतात?

पाण्यावर ऑइल पेंटचे थेंब सोडतात. ते तरंगत पसरतात, त्यांच्यात काडी फिरवून नक्षी करतात आणि पांढरा बेस मारलेली बॉडी त्यातून सरळ खाली बुडवतात. बॉडी खाली जाताना रंगाचा पापुद्रा तिला चारी बाजूंनी चिकटत जातो. ब्रश नाही, स्टेन्सिल नाही आणि एकसारख्या दोन बॉडी कधीच निघत नाहीत.

गिटारच्या जगात हा प्रकार गाजला तो १९९० मध्ये आलेल्या आयबानेझच्या सात तारांच्या यूव्ही७७एमसी या मॉडेलमुळे. ही अमेरिकन गिटारवादक स्टीव्ह वायची गिटार, आणि तिच्यावरचं रंगकाम डॅरेन जोहान्सन यांचं. मूळ कल्पना मात्र आपल्या भागाला परकी नाही. इथून फार लांब नसलेल्या विजापूरच्या आदिलशाहीत सतराव्या शतकात अबरीची चित्रं होत होती. तिथेही रंग द्रवावर तरंगवायचे आणि कागद त्यावर टेकवून उचलायचा. आपण कागदाऐवजी दोन-अडीच किलोचं लाकूड वापरतो, बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात.

कुठली गिटार घ्यावी?

नेक स्क्रूने बसवलेली, भरीव लाकडाची. स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टरचा आकार) किंवा सुपरस्ट्रॅट आकाराची स्वस्त, जुनी बॉडी उत्तम. चिकटवलेल्या नेकची गिटार बुडवता येते, पण नेक पूर्ण गुंडाळायचा आणि ट्रस रॉडमध्ये, म्हणजे नेकच्या आतल्या सळईत, पाणी जाऊ द्यायचं नाही. पहिल्या खेपेला त्या वाटेला जाऊ नका. पोकळ बॉडीला हात लावू नका. आणि मूळ रंगामुळेच किंमत असलेली जुनी गिटार घरात असेल, तर तीही सोडा.

जुनं फिनिश पूर्ण काढावं लागतं का?

बहुतेक वेळा नाही. कारखान्यातून आलेलं पॉली फिनिश घट्ट बसलेलं असेल तर तोच उत्तम पाया आहे. तो काढायला हीट गन आणि दोन दिवस जातात, वर लाकूड भाजण्याची भीती. त्यापेक्षा आधी भांड्यांच्या साबणाने बॉडी धुवा, वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सिलिकॉनवालं पॉलिश वर्षानुवर्षं मारलेलं असेल तर नवीन रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात, आणि ते नुसत्या घासण्याने जात नाहीत. म्हणून धुणं आधी, घासणं नंतर.

मग ३२० नंबरच्या पेपरने सगळी चमक उतरवा. टवका उडाला असेल तिथे पुट्टी भरा. गॅरेजवाले जिला लांबी म्हणतात तीच, पण हार्डनर घालून वापरायची टू-के पुट्टी घ्या. नुसती ट्यूबमधली एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी महिन्याभराने खाली बसते आणि क्लिअरमधून, म्हणजे वरच्या पारदर्शक थरातून, खळगा दिसतो. जुनं फिनिश पोपडे धरून सुटत असेल तर मात्र पूर्ण काढण्याला पर्याय नाही.

बेस पांढराच का, आणि कुठला?

रंगाच्या पापुद्र्यात फटी राहतातच आणि तिथून बेस दिसतो. पांढऱ्यावर रंग उजळ दिसतात. काळा किंवा चंदेरी बेसही चालतो, पण त्यावर पातळ पिवळा मळकट दिसतो.

बेस टू-के पीयूचाच (पॉलियुरेथेनचाच) मारा. कारण सरळ आहे: डिप, म्हणजे बुडवणं, फसली तर ओला रंग टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून काढता येतो आणि पिकलेल्या टू-के बेसला टर्पेंटाइनने काही होत नाही. बेस साध्या ऑइल पेंटचा असेल तर पुसताना तोही मऊ होऊन हातात येतो. बेस किमान दोन दिवस पिकू द्या, मग ६०० नंबरने ओलं घासून मॅट करा. गुळगुळीत चकचकीत बेसवर पापुद्रा चिकटतो, पण वाळल्यावर टेपला लागून निघतो.

पाण्यात बुडवल्यावर लाकूड फुगणार नाही का?

उघडं लाकूड पाणी पितं. त्यामुळे नेक पॉकेट, पिकअपच्या खोबण्या, ब्रिजच्या तारेचं भोक, स्क्रूची भोकं, जॅकचं भोक अशी एकही जागा उघडी ठेवायची नाही. खोबण्यांमध्ये आत रंगाचा एक हात द्या, त्यात स्पंज किंवा थर्माकोल घट्ट कोंबा आणि वरून चांगल्या प्रतीचा मास्किंग टेप लावून कडेने ब्लेडने कापा. स्क्रूच्या भोकांत टूथपिक खोचून पृष्ठभागाबरोबर तोडा. मेण भरू नका, त्याचा अंश राहिला तर तिथे क्लिअर धरत नाही.

कोंबायचं कारण फक्त पाणी नाही, हवाही आहे. रिकाम्या खोबणीत अडकलेली हवा बॉडी बुडताना बुडबुड्याने बाहेर येते आणि नेमकी पुढच्या बाजूला, जिथे सगळ्यांचं लक्ष जाणार तिथे पापुद्रा फोडते.

टाकी किती मोठी हवी? २०० लिटरचं पिंप चालेल का?

हिशोबच करू. साधारण स्ट्रॅट बॉडी ४५ सेंमी लांब, ३३ सेंमी रुंद, साडेचार सेंमी जाड. दोन्ही बाजू आणि कडा मिळून रंगवायचं क्षेत्र पावणेतीन हजार चौरस सेंमीच्या आसपास भरतं. २०० लिटरच्या पिंपाचा व्यास सुमारे ५७ सेंमी, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग साधारण २५५० चौरस सेंमी. बॉडी खाली जाते तसा पापुद्रा आत ओढला जातो. पिंपात तो पुरत नाही, ताणला जातो आणि नेकजवळ, म्हणजे शेवटी बुडणाऱ्या भागात, पांढरं उघडं पडतं. पिंपाने काम होतं, पण वरचा भाग फिका निघतो. शिवाय काठाला चिकटलेला रंग आत यायला तयार नसतो.

त्यापेक्षा फळ्यांची किंवा अँगलची चौकट करून आत जाड ताडपत्री अंथरा. आतलं माप ७५ बाय ६० सेंमी, पाण्याची खोली ६५ सेंमी. पाणी सुमारे २९० लिटर लागतं. म्हणजे जवळजवळ ३०० किलो वजन, तेव्हा चौकट उद्यमनगरातल्या एखाद्या फॅब्रिकेटरकडून वेल्ड करून घेतलेली बरी. फळ्यांना मधोमध पट्टी नसेल तर त्या पोट काढतात. आणि हे सगळं गच्चीवर करणार असाल तर भिंतीलगत, तुळईवर ठेवा.

पाण्यात टाकणखार का घालतात? किती?

साध्या पाण्यात ऑइल पेंटचा थेंब बऱ्याचदा गोळी होऊन बसतो किंवा तळाला जातो. टाकणखाराने (बोरॅक्सने) पाणी अल्कधर्मी आणि मृदू होतं, आणि थेंब पसरतो. लिटरला १ ग्रॅमपासून सुरुवात करा, फार तर २ ग्रॅमपर्यंत जा. वर सांगितलेल्या टाकीला म्हणजे ३०० ते ६०० ग्रॅम. आधी बादलीभर गरम पाण्यात पूर्ण विरघळवा आणि मगच टाकीत ओता. नाहीतर न विरघळलेले कण बॉडीवर चिकटून वाळल्यावर पांढरी खर दिसते.

मिळायला अडचण नाही. गुजरीत सोनार डाग देताना, म्हणजे सांधा जोडताना, हाच टाकणखार वापरतात, त्यामुळे त्यांना सामान पुरवणाऱ्या दुकानांत तो असतो. खडे मिळाले तर कुटून पूड करा. दुकानात नाव नीट सांगा: टाकणखार. तुरटी वेगळी, नवसागर वेगळा. तिन्ही पांढरे खडेच दिसतात आणि पुडीत बांधल्यावर ओळखू येत नाहीत. हातमोजे घाला, पूड श्वासातून जाऊ देऊ नका आणि पोरांच्या हाती लागू देऊ नका.

बोअरचं पाणी जड असतं, त्याला टाकणखार जास्त लागतो. शक्यतो नळाचं पाणी आदल्या रात्रीच भरून ठेवा आणि वर चादर टाका. सकाळपर्यंत बुडबुडे निघून जातात, तापमान स्थिरावतं. पाणी २२ ते २७ अंशांत हवं. डिसेंबरच्या पहाटे गार पाण्यावर रंग आखडतो. एप्रिलच्या दुपारी तो इतक्या झटकन साय धरतो की काडी फिरवेपर्यंत तुटतो.

रंग कुठला? ॲक्रिलिक चालेल का?

ॲक्रिलिक नाही, ते पाण्यात मिसळतं. लोखंडी गेटला मारतात तो साधा सिंथेटिक इनॅमल, दुकानदाराच्या भाषेत ऑइल पेंट. परदेशात हंब्रॉलचे छोटे डबे वापरण्याची प्रथा आहे. इथे कुठल्याही चांगल्या कंपनीचे १०० मिलीचे डबे लक्ष्मीपुरीतल्या रंगाच्या दुकानांत मिळतात. सगळे रंग एकाच कंपनीचे आणि एकाच मालिकेतले घ्या. वेगवेगळे घेतले तर एक पसरतो, दुसरा आखडतो.

एका डिपला सगळे मिळून ३० ते ४० मिलीच रंग लागतो. त्यामुळे चार रंगांचा एकेक डबा सरावासकट भरपूर झाला. तीन ते चार रंगांपुढे जाऊ नका. पाचवा रंग आला की नक्षी गढूळ होते.

रंग नीट तयार झाला हे कसं ओळखायचं?

डबा तळापासून पाच मिनिटं ढवळा, जुन्या मोज्यातून गाळा आणि टर्पेंटाइन थोडं थोडं घालत दुधाइतका पातळ करा. साधारण १० ते २५ टक्के लागतं. एनसी थिनर घालू नका.

मग १० लिटरच्या बादलीत, टाकीतलंच पाणी घेऊन, पाण्यापासून दोन-तीन सेंमी उंचीवरून काडीने एक थेंब सोडा. थेंब लगेच तबकडीसारखा उघडून १५ सेंमीच्या आसपास पसरला, कडा अखंड राहिली आणि रंग दाट दिसला, की झालं. तळाला गोळी गेली तर रंग जाड आहे किंवा उंचावरून पडला. पसरून काचेसारखा पारदर्शक झाला तर टर्पेंटाइन जास्त झालं, डब्यातला मूळ रंग घालून सावरा. कडा करवतीसारखी तुटत असेल तर पाण्यावर धूळ किंवा आधीच्या रंगाची साय आहे, वर्तमानपत्राचा कागद पृष्ठभागावरून ओढून घ्या आणि पुन्हा बघा.

पांढरा रंग सगळ्यांत हट्टी, त्यातलं टायटॅनियम जड असतं. त्याला इतरांपेक्षा थोडं जास्त टर्पेंटाइन द्या आणि तो शेवटी सोडा. सोनेरी-चंदेरी उलट इतके धावतात की बाकीच्यांना कोपऱ्यात ढकलतात. त्यांचे दोन-तीन थेंबच पुरतात.

बादलीतला सराव टाळू नका. प्लायचे तुकडे, पीव्हीसी पाइप, जुनी बाटली, काहीही पांढरं रंगवून बुडवा. वीस तुकडे झाल्याशिवाय बॉडी उचलायची नाही, इतकं पथ्य पाळा.

प्रत्यक्ष डिप कशी करायची?

नेक पॉकेटमध्ये ६०-७० सेंमीची सागाची पट्टी नेकच्याच चार स्क्रूंनी पक्की बसवा. ही पट्टी लवचीक असून चालत नाही. लाकूड पाण्यावर तरंगतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण ते आठवतं बॉडी अर्धी बुडाल्यावर. पूर्ण आत जाईपर्यंत वर ढकलणारा जोर वाढत वाढत दोन-अडीच किलोपर्यंत जातो. बारीक पट्टी वाकते, हात थरथरतो आणि जिथे हात थांबला तिथे बॉडीवर आडवी रेघ उमटते.

एक जोडीदार लागतोच. पंखा बंद, खिडकीचा वारा बंद, पण डिप झाल्याबरोबर हवा खेळती करता येईल अशी जागा. बॉडी टॅक क्लॉथने (धूळ टिपणाऱ्या चिकट फडक्याने) पुसून हाताशी ठेवा.

रंग सोडायला लागल्यापासून बुडवेपर्यंत तुमच्याकडे दीड-दोन मिनिटं आहेत. पहिला रंग मध्यभागी सोडा, तो काठापर्यंत जाईल. दुसरा त्याच्या आत, तिसरा त्याच्या आत. नंतरचे थेंब आधीच्यांना बाहेर ढकलतात, म्हणून जो रंग जास्त दिसायला हवा तो नंतर. मग बांबूच्या काडीने दोन-तीन लांब वळणं घ्या. इथे सगळ्यांचाच हात शिवशिवतो. जास्त फिरवलं की वळणांची माती होते, आणि पिवळ्या-निळ्याचा हिरवा चिखल पाण्यावर सुधारता येत नाही.

आता स्ट्रॅप बटणाची बाजू खाली करून बॉडी सरळ उभी आत न्या. एकसारख्या वेगाने, १० ते १५ सेकंदांत. मध्ये थांबायचं नाही. पूर्ण आत गेली की तिथेच धरून ठेवा आणि जोडीदाराने पृष्ठभागावरचा उरलेला रंग पुठ्ठ्याने एका कडेला लोटून वर्तमानपत्राने टिपून घ्यावा. पाणी आरशासारखं झालं की मगच बॉडी सावकाश वर काढा. घाई केली तर उरलेला रंग वर येताना दुसऱ्या थराने चिकटतो आणि छान निघालेल्या नक्षीवर राखाडी पडदा पडतो. बिघडलेल्या डिप बहुतेक इथेच बिघडतात, बुडवताना नव्हे.

बाहेर आल्यावर साध्या पाण्याची हलकी धार सोडून टाकणखार धुऊन काढा. बोट लावायचं नाही. धूळ नसलेल्या खोलीत टांगा.

छोटा डाग किंवा पांढरा ठिपका राहिला तर?

दाण्याएवढा ठिपका वाळल्यावर बारीक ब्रशने त्याच रंगाने भरता येतो, या नक्षीत तो कुणाला सापडत नाही. तळहाताएवढी जागा उघडी पडली तर ओली असतानाच सगळं टर्पेंटाइनने पुसा, टेप तपासा, एक दिवस थांबा आणि पुन्हा बुडवा. अर्धवट दुरुस्ती करायला पुन्हा बुडवलं तर दुसरी नक्षी पहिलीवर चढते.

क्लिअर मारल्यावर रंग सुरकुतला. का?

कारण घाई, किंवा चुकीचं क्लिअर. ऑइल पेंट हाताला वाळलेला वाटतो दुसऱ्या दिवशी, पण आतून पिकायला आठवडा ते दहा दिवस लागतात. कच्च्या रंगावर ओला क्लिअरचा हात बसला की त्यातलं थिनर रंग फुगवतं आणि पृष्ठभाग उकळलेल्या दुधाच्या सायीसारखा गोळा होतो. त्यावर उपाय नाही, सगळं घासून पहिल्यापासून सुरुवात. एनसी लॅकर किंवा ड्युको तर पिकलेल्या ऑइल पेंटलाही उचलू शकतं. त्याला लांबच ठेवा.

टू-के पीयू क्लिअर घ्या. पहिले दोन हात नुसते धुक्यासारखे, लांबून, कोरडे. प्रत्येक हातानंतर २० मिनिटं. मग दोन मध्यम ओले हात. स्प्रे गनला १.३ किंवा १.४ मिमीचं नोझल, दाब ३० ते ३५ पीएसआय. हार्डनरचं प्रमाण डब्यावर असेल तेच, अंदाजाने नाही. दोन दिवसांनी ६०० नंबरने ओलं घासून रंगाच्या वळणांचे उंचवटे सपाट करा. ते बोटाला जाणवतात. मात्र घासताना रंगीत पाणी आलं की लगेच थांबा, क्लिअर संपून नक्षीला पेपर लागला आहे. त्यावर आणखी तीन हात. आठवडाभराने १०००, १५००, २००० नंबरचे पेपर आणि मग कंपाउंड (चमक आणणारी पेस्ट).

टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. रुमाल किंवा कोविडच्या वेळचा मास्क त्याला अडवत नाही. ऑरगॅनिक व्हेपरच्या काडतुसाचा मास्क हवा, आणि मोकळी हवा. दम्याचा त्रास असणाऱ्याने हे काम स्वतः करूच नये. उद्यमनगरातल्या गाड्या रंगवणाऱ्या गॅरेजवाल्याकडे बॉडी द्या. फक्त जाताना बजावून सांगा की स्वर्लवर आधी पेपर मारायचा नाही. सवयीने हात तिकडेच जातो.

पावसाळ्यात केलं तर?

जून ते सप्टेंबर कोल्हापूरच्या हवेत क्लिअर मारू नका. दमट हवेत टू-केचा हार्डनर पाण्याशी प्रतिक्रिया करतो, बारीक बुडबुडे राहतात, आणि ऑइल पेंट तर पंधरा-पंधरा दिवस चिकट राहतो. तोवर पुट्टी, घासणं, बादलीतला सराव उरकून घ्या. डिपला नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मे महिन्यात वळिवाचा भरवसा नाही.

नेकही बुडवता येतो का?

फक्त हेडस्टॉक. फिंगरबोर्ड आणि ट्रस रॉडचं तोंड गुंडाळून, नटपर्यंतच. बॉडीबरोबर त्याच दिवशी, त्याच रंगांत केला तरच जोडी जुळते.

उरलेल्या पाण्याचं काय करायचं?

गटारीत ओतू नका, ते शेवटी पंचगंगेलाच मिळतं. पृष्ठभागावरचा रंग कागदाने पूर्ण टिपा, तळाच्या गोळ्या जाड कापडातून गाळा, कागद-कापड उन्हात वाळवून सुक्या कचऱ्यात द्या. पाणी झाकून ठेवलं तर आणखी चार-पाच बॉडींना चालतं. झाडांना घालू नका, बोरॉन जास्त झालं की पानांच्या कडा करपतात. शेवटी टाकायचंच झालं तर शौचालयात, थोडं थोडं.

ऑइल पेंट आणि टर्पेंटाइनची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं आणि गठ्ठा आपोआप पेट घेऊ शकतो. दोरीवर पसरून वाळवा.

जोडताना काय बिघडतं?

टेप काढताना क्लिअरची कडा आधी ब्लेडने कापा, नाहीतर टेपबरोबर टवका येतो. नेक पॉकेट झाकलेलं नसेल तर आत रंगाचा थर चढतो, नेक ठोकून बसवावा लागतो आणि पहिल्याच दिवशी कोपऱ्यातून तडा जातो. स्क्रूच्या प्रत्येक भोकाची कडा मोठ्या ड्रिलच्या टोकाने हातानेच किंचित उतरवा, म्हणजे स्क्रूचे आटे क्लिअर उचलणार नाहीत. ब्रिजची अर्थची तार आणि स्टड यांच्यामध्ये रंग आला असेल तर खरवडा. सगळं जोडल्यावर तारांना हात लावला तरी गुणगुण कमी होत नसेल, तर मल्टिमीटरने ब्रिज ते जॅकच्या बाहेरच्या टोकापर्यंत कंटिन्युइटी बघा. बीप आली नाही तर दोष तिथेच.